आमच्या मॉडेल ए ची हॉट रॉड झाली त्याची गोष्ट

हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी हलकी करून, जोरदार इंजिन टाकून वेगासाठी बदललेली. आमची गाडी घेतली तेव्हा तिला गाडी म्हणणं अवघडच होतं. कागदावर 1930 ची फोर्ड मॉडेल ए कूपे, दोन दारं, एक सीट, मागं डिकी. प्रत्यक्षात बार्स्टोच्या पलीकडं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात एका शेडमागं मातीत रुतलेली बॉडी, खाली फ्रेम, आणि शेजारी तीन खोकी भरून नटबोल्ट, दाराच्या कड्या, एक फुटका हेडलाइट. इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, फेंडर म्हणजे मडगार्ड नाहीत, छताचं कापड आणि लाकूड उन्हानं कधीच खाल्लेलं, उजव्या दारात गोळ्यांची सात भोकं. पण वाळवंटातला पत्रा तो, मातीत गेलेला खालचा चार बोटं भाग सोडला तर वर सगळा ठणठणीत, टिचकी मारली की खणखणीत वाजायचा. मी तिथंच ठरवलं की घ्यायची.

मी मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरात वाढलो, आप्पांनी म्हणजे वडिलांनी आयुष्यभर फाउंड्रीत मोल्डिंग केलं. आता मी फोंटानाला राहतो, सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं प्रोग्रामिंग करतो, त्यामुळं लोखंडाशी नातं तुटलेलं नाही. हे वेड लागलं ते एल मिराजला. आमच्यापासून तास-सव्वा तासावर तो कोरडा तलाव आहे, मे ते नोव्हेंबर मधल्या काही रविवारी तिथं एससीटीए म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन वाले गाड्या पळवतात, 1.3 मैलांचा सरळ ट्रॅक, एकेक गाडी एकटी पळते आणि फक्त वेळ मोजतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा पार्किंगमध्येच दोन तास गेले माझे. फेंडर काढलेल्या, पुढून बुटक्या, मागं जाड टायर असलेल्या जुन्या फोर्ड, आणि त्यातून येणारा तो घोगरा आवाज, पोटात जाणारा.

थोडं मागचं सांगतो कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. 1928 ते 1931 या चार वर्षांत फोर्डनं 48 लाखांवर मॉडेल ए बनवल्या. चार सिलिंडर, 40 हॉर्सपॉवर. मग 1932 ला त्यांनी सामान्य माणसाला परवडेल असा व्ही8 काढला, फ्लॅटहेड, म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत तर ब्लॉकमध्येच सिलिंडरच्या शेजारी, त्यामुळं हेड म्हणजे नुसती सपाट पाटी. काही वर्षांत हे व्ही8 भंगारात मिळायला लागले आणि मॉडेल ए तर मातीमोल झालेल्या, मग लॉस एंजेलिसच्या आसपासच्या पोरांनी दोन्ही एकत्र केलं, वजन कमी करायला फेंडर-बंपर काढून टाकले आणि म्युरॉकच्या कोरड्या तलावावर पळवायला लागले. एससीटीए 1937 ची. युद्धात म्युरॉक लष्कराकडं गेलं म्हणून पोरं एल मिराजला आली, आणि 1945 नंतर तर सैन्यातून वेल्डिंग, टर्निंग, इंजिनकाम शिकून आलेली हजारो पोरं खिशात थोडे पैसे घेऊन याच नादाला लागली. हॉट रॉड त्यांची आहे.

म्हणून ट्रॅडिशनल हॉट रॉड म्हणजे नुसता जुना लूक नव्हे असं माझं ठाम मत आहे. गंज मुद्दाम ठेवून, कवट्या-बिवट्या लावून केलेल्या गाड्या वेगळ्या, त्यांना रॅट रॉड म्हणतात, ते करणाऱ्यांनी करावं. मी स्वतःला एक तारीख घालून घेतली, 1949 संपेपर्यंत जे पोराला जंकयार्डात किंवा स्पीड शॉपमध्ये, म्हणजे वेगाचे पार्ट विकणाऱ्या दुकानात, मिळालं असतं तेच लावायचं. डिस्क ब्रेक नाही, रेडियल टायर नाही, शेव्हीचा म्हणजे शेव्हर्लेचा स्मॉल ब्लॉक व्ही8 नाही कारण तो 1955 चा. फक्त कमरेचे सीटबेल्ट आणि जरा मोठे ब्रेकलाइट हे दोन अपवाद, घरी लेक आहे आणि तिला शेजारी बसवायची होती.

आणि अजून एक, जी मॉडेल ए पूर्ण आहे, ओरिजिनल इंजिनासकट चालते, तिला कटर लावू नका. ती रिस्टोअरच करा. माझ्या गाडीचं निम्मं अंग आधीच गेलं होतं म्हणून मी हात घातला.

आमच्या गल्लीत तीन घरं सोडून एक म्हातारे गृहस्थ राहतात, रिटायर्ड मशिनिस्ट, तेव्हा 84 चे होते. ट्रेलरवरून गाडी उतरवताना ते काठी टेकत आले, फ्रेमखाली वाकून बघितलं आणि म्हणाले बॉडी उचलशील तेव्हा मला हाक मार. मी त्यांना सर म्हणायचो ते त्यांना आवडायचं नाही, मग सगळे म्हणतात तसं पॉप्स म्हणायला लागलो. पुढची साडेचार वर्षं प्रत्येक शनिवारी ते गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसले.

बॉडी उचलल्यावर हाक का मारायची ते तेव्हा कळलं. मॉडेल ए मध्ये इंजिनाचाच नंबर फ्रेमवर डाव्या बाजूला ठोकलेला असतो, पण तो बॉडीच्या खाली झाकलेला, बॉडी वर घेतल्याशिवाय दिसत नाही. इंजिन तर नव्हतंच, म्हणजे कागद खरे की खोटे याचा एकमेव पुरावा तो. तारेच्या ब्रशनं घासलं, केरोसीन लावलं, टॉर्च तिरकी धरली, आणि एकेक आकडा वर आला, कागदाशी सगळे जुळले. मी तर तिथंच खाली बसलो. नंबर जुळला नसता तर फ्रेम कितीही चांगली असली तरी रजिस्ट्रेशनचा घोळ आयुष्यभर पुरला असता. तुम्ही कुणी अशी गाडी घेत असाल तर शक्य असेल तर पैसे द्यायच्या आधीच बॉडीचे बोल्ट सैल करून बघा.

फ्रेमचं काम त्या मानानं सरळ. मॉडेल ए ची फ्रेम म्हणजे सी चॅनल, 40 हॉर्सपॉवरसाठी केलेली, व्ही8 टाकला की पिळवटते, म्हणून आतून पट्ट्या वेल्ड करून ती बॉक्स केली. पुढं गाडी पुढून खाली बसावी म्हणून 4 इंच ड्रॉप दिलेला अॅक्सल, मागं 1940 च्या फोर्डचा अॅक्सल. इथं एक बदललं की पुढचं बदलावंच लागतं हे पहिल्यांदा नीट कळलं. 1940 ची स्प्रिंग अॅक्सलच्या मागं असते, मॉडेल ए ची अॅक्सलच्या वर, म्हणजे फ्रेमचा मागचा आडवा दांडा, क्रॉसमेंबर, बदला. 1940 ची गाडी लांब, आपली आखूड, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं जाणारी नळी, टॉर्क ट्यूब, आणि तिच्या आतला शाफ्ट दोन्ही कापून आखूड करा. ते काम आमच्या शॉपमध्ये रविवारी लेथवर केलं, मालकांनी परवानगी दिली, त्यांचे उपकार आहेत.

ब्रेकबद्दल लिहायलाच पाहिजे. मॉडेल ए चे ब्रेक दांड्यांचे, पेडल दाबलं की लोखंडी रॉड ओढले जातात. फोर्डनं हायड्रॉलिक ब्रेक 1939 ला दिले, बाकीच्यांच्या बऱ्याच नंतर, म्हणून त्या काळातली पोरं 1939-40 चे ब्रेक शोधत फिरायची. मीही तेच घेतले, चारी ड्रम, आणि बसवून पेडल दाबलं तर गाडी सरळ डावीकडं. तीन वेळा खोललं. या ब्रेकना प्रत्येक शूला, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्टीला, वर एक कॅम आणि खाली अँकर बोल्ट असतो, दोन्ही फिरवून शू ड्रमच्या बरोबर मध्यात आणावा लागतो, आणि शूची गोलाई ड्रमच्या गोलाईशी जुळलेली नसेल तर कितीही फिरवा नुसतं टोक घासतं. पॉप्सनी शूवर खडू फासायला लावला, ड्रम फिरवला, आणि खडू कुठं पुसला ते दाखवलं. फक्त वरच्या दोन इंचात पुसलेला. मग शू ग्राइंड करून घेतले, परत खडू, परत फिरवणं, चारी चाकांना मिळून दोन शनिवार. आता 50 मैलांच्या स्पीडला हात सोडून ब्रेक मारला तरी सरळ थांबते.

पेट्रोलची टाकी मॉडेल ए मध्ये डॅशबोर्डच्या जागीच असते, बॉनेट आणि काचेच्या मधला जो पत्रा बाहेरून दिसतो तीच टाकी, ड्रायव्हरच्या गुडघ्यांवर. पंप नाही, पेट्रोल वरून आपोआप खाली येतं. हे मला नको होतं. वरचं कवच ठेवून तळ कापला आणि नवी टाकी डिकीत. कापायच्या आधी साबणाच्या गरम पाण्यानं किती वेळा धुतली याचा हिशोब नाही, दोन दिवस उलटी ठेवली, मग काठोकाठ पाणी भरून ठेवली आणि पाणी काढून ग्राइंडर न लावता हातानं कापली. 90 वर्षं जुनी टाकी असली तरी वाफ असते, यात अजिबात घाई करू नका.

मग छत. हॉट रॉडचं छत कापून खाली आणतात, चॉप म्हणतात त्याला. सहा महिने मी पट्टी चिकटवून, पुठ्ठा लावून, रस्त्यापलीकडं उभा राहून बघत होतो. 4 इंच केलं तर गाडी चिडल्यासारखी दिसते आणि माझं डोकं लागतं, 2 इंच केलं तर केलंय हे कळतच नाही. शेवटी 3. आधी आतून चौकोनी पाइप वेल्ड करून बॉडी जखडली, कारण खांब कापले की बॉडी फाकते. मॉडेल ए चे खांब बऱ्यापैकी उभे सरळ आहेत म्हणून वरचा भाग खाली आणला की जवळजवळ जुळतो, पुढच्या काळातल्या गाड्यांचं तसं नसतं. तरी पहिली करवत मारताना हात थांबला होता, खोटं कशाला सांगू. वेल्डिंग सलग करायचं नाही, इकडं एक टाका, तिकडं एक टाका, मध्ये थंड होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा उष्णतेनं लाटा मारतो. एवढं करूनही डाव्या दाराची फट वर बारीक आणि खाली बोटभर झाली. मी म्हटलं लांबी म्हणजे पुट्टी भरून झाकू. पॉप्स काही बोलले नाहीत, नुसते फटीकडं बघत बसले. संध्याकाळी मी टाके परत कापले. त्या एका दाराला पाच आठवडे गेले, पण आज दार लावताना जो एकच टक आवाज येतो तो ऐकला की वाटतं बरं झालं.

दारातली गोळ्यांची भोकं बुजवली. ठेवायची असा आग्रह बऱ्याच जणांनी केला, पण कुणाची तरी गाडी होती ती, तिच्यावर नेम धरलेला जपून काय ठेवायचा.

आता इंजिन. यावर मी कितीही लिहू शकतो.

मला 59ए ब्लॉक हवा होता, युद्धानंतरच्या 1946-48 च्या फोर्डचा, 239 क्युबिक इंच म्हणजे 3.9 लिटर, त्या वेळी 100 हॉर्सपॉवर. फ्लॅटहेडचा मोठा दोष असा की जळलेला गरम वायू ब्लॉकच्या आतूनच वळसे घेत बाहेर पडतो, आणि मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच दार, त्यामुळं ब्लॉक तापतो, तापून तापून व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरपर्यंत तडे जातात. बिडाचं कास्टिंग, तडा गेला की गेला. एका स्वॅप मीटला, म्हणजे जुन्या पार्टच्या बाजारात, एकानं शपथेवर चांगला म्हणून ब्लॉक दिला. घरी आणून धुतला, आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडं सकाळ होती, ते चहा पीत होते. म्हणाले टांग त्याला. साखळीनं इंजिन हॉइस्टला टांगला. म्हणाले हातोडी घे, लहान, आणि कडेकडेनं वाजव. बीड चांगलं असलं की घंटेसारखं वाजतं, तडा असला की बद्द. वाजवत गेलो. उजव्या बाजूला मागं आवाज बसका आला. आप्पा म्हणाले परत वाजव. परत तसाच. म्हणाले फोनवरचं काय खरं नसतं बाळा, तिथं कुणाकडनं तरी तपासून घे, पण मला काय तो आवाज आवडला नाही.

मशीन शॉपला मॅग्नाफ्लक्स केलं, म्हणजे ब्लॉकला चुंबक लावून वर लोखंडाची बारीक पूड टाकतात, तडा असेल तिथं पूड रेघ धरते. उजवीकडं शेवटून दुसऱ्या सिलिंडरला, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटमधून थेट बोअरमध्ये, केसाएवढी काळी रेघ. शिवता येतो तडा, पिना ठोकून शिवतात, पण त्या जागी खर्च बघता तो ब्लॉक सोडून दिला. पैसे गेले ते गेले. दुसरा ब्लॉक मिळायला अकरा महिने लागले, एका जुन्या सिंचनाच्या पंपावर बसवलेला होता. तो टांगून वाजवला तेव्हा आप्पा काही न बोलता नुसते हसले. त्यातही पूड टाकल्यावर पाण्याच्या भोकापासून स्टडच्या, म्हणजे हेड आवळायच्या बोल्टच्या, भोकापर्यंत दोन लहान तडे निघाले, पण ते या ब्लॉकना बहुतेक असतातच, हेडचं गॅस्केट त्यावर बसतं, चालतं.

ब्लॉक साफ करताना पाण्याच्या जॅकेटमधून गंजाचा चिखल निघाला, त्याच्याबरोबर बोटभर लांबीची गंजलेली तार आणि मूठभर वाळू. मला कळेना तार आत कशी जाईल. आप्पांना फोटो पाठवला, एका मिनिटात उत्तर, कोअरची तार आहे ती. साच्यात पाण्याच्या पोकळीसाठी जो वाळूचा गाभा ठेवतात तो मोडू नये म्हणून आत तार घालतात, रस ओतून झाला की वाळू फोडून तार ओढून काढायची. कुणीतरी सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या फाउंड्रीत ती काढायची विसरला. आप्पा म्हणाले शिफ्ट संपत आली असेल त्याची. ती तार मी काचेच्या बरणीत ठेवलीय. आणि गंमत म्हणजे फ्लॅटहेड तापतात अशी जी बोंब आहे तिचं निम्मं कारण हीच राहिलेली वाळू, ती काढा, दोन्ही वॉटर पंप नीट करा, रेडिएटर चांगला घाला, बराचसा प्रश्न तिथंच मिटतो.

सिलिंडर 60 थाऊ म्हणजे 0.060 इंच मोठे बोअर केले, नवे पिस्टन, ॲडजस्ट होणारे टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह खालून उचलणारे तुकडे, कारण मूळच्या टॅपेटला ॲडजस्टमेंटच नाही, गॅप जमवायची तर व्हॉल्व्हचं बूड घासत बसावं लागतं. वर ॲल्युमिनियमची हेड आणि दोन स्ट्रॉमबर्ग 97 कार्बोरेटर, 97 म्हणजे घशाचं माप, 0.97 इंच. पुढं 1932 च्या फोर्डची जाळी. रंग काळा, साधा.

पहिल्यांदा स्टार्ट केली ती खंडेनवमीला. उद्यमनगरात त्या दिवशी सगळी मशीनं पुसून, हार घालून उभी असतात, तसंच केलं. पाने, हातोड्या, मायक्रोमीटर पाटावर मांडले, झेंडूचा हार रेडिएटरला, पॉप्सनी नारळ फोडला आणि अर्ध्यातलं पाणी पिऊन टाकलं. बायकोनं व्हिडिओ धरला, आप्पा पलीकडं. पहिल्या दोन वेळा नुसती खोकली, तिसऱ्यांदा धरली. गॅरेजच्या पत्र्याचं दार थरथरत होतं. पॉप्सच्या डोळ्यांत पाणी होतं, ते म्हणाले 1951 नंतर हा आवाज माझ्या अंगणात नव्हता.

त्यानंतर एक अडचण आली ती लिहून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. गार असताना सुरू व्हायची, गरम झाली की स्टार्टर मरगळायचा. मी 6 व्होल्टच ठेवलंय, आणि बॅटरीच्या केबल दुकानात मिळतात त्या 12 व्होल्टच्या जाडीच्या घेतल्या होत्या. व्होल्टेज निम्मं म्हणजे करंट दुप्पट, बारीक केबल पुरत नाही. अंगठ्याएवढ्या जाड केबल टाकल्या, अर्थिंगची जागा घासून चकाचक केली, त्या दिवसापासून तक्रार नाही.

मागच्या मे महिन्यात एल मिराजला स्वतः चालवत घेऊन गेलो. पळवायला नाही, बघायला. मध्ये कहोन पासचा चढ लागतो, मोठमोठे ट्रक तिथं उजव्या लेनमध्ये रांगतात, मीही त्यांच्यात. लेक शेजारी टेंपरेचरचा काटा फॅरेनहाइटमध्ये वाचून दाखवत होती, 180, 190, 195, 205. समुद्रसपाटीला पाणी 212 ला उकळतं. सेकंड गिअरला टाकली, पंप जोरात फिरायला लागले, काटा 205 वर अडकून राहिला आणि वरचा सपाट भाग आल्यावर हळूहळू खाली आला. तिनं 185 म्हटलं तेव्हा मी पहिल्यांदा पाठ टेकली.

तलावावर पोचलो, गाडी लावली, आप्पांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, बिडाला घाम आला का? बॉनेटची बाजू उघडून बघितलं. हेडचे 24-24 स्टड, ते ब्लॉकमध्ये थेट पाण्यापर्यंत जातात, एकाचंही सीलंट कमी पडलं तर आट्यांवाटे पाणी वर येतं. डावीकडं मागून तिसऱ्या स्टडच्या नटाशी एक थेंब होता. बोटानं पुसला, दहा मिनिटांनी बघितलं, परत एक थेंब. आप्पा म्हणाले गार झाल्यावर तो एकच काढ, आटे घासून साफ कर, सीलंट लाव, बाकीच्यांना हात लावू नको. घरी येऊन दुसऱ्या दिवशी सकाळी तेच केलं.